मळ्यातल्या घराचं सोलर : या चुका टाळा

मळ्यात ऑफ-ग्रिड (वीज कंपनीच्या लाइनीला न जोडलेलं, बॅटरीवर चालणारं) सोलर बसवलं की पहिला उन्हाळा झकास जातो. रडारड सुरू होते आषाढात. रात्री नऊलाच इन्व्हर्टर कोकलायला लागतो आणि शिव्या बसतात पॅनलला. बहुतेक वेळा पॅनल ठणठणीत असतं. संपलेली असते बॅटरी, आणि तिला आपणच संपवलेलं असतं.

१२ व्होल्ट, १५० एएचची (अँपिअर-तासांची) ट्युब्युलर, म्हणजे पाणी घालावं लागणारी लेड-ॲसिड बॅटरी म्हणजे कागदावर १८०० वॅट-तास. ती रोज निम्म्याखाली उतरवली तर लवकर बसते, म्हणून हाताशी धरायचे ९००च. ७५ वॅटचा पंखा आठ तास चालला की ६०० गेले. ९ वॅटचे चार बल्ब पाच तास, म्हणजे १८०. थोडं इन्व्हर्टर स्वतः खातो. झाली रात्र! यावर फ्रिज जोडायचा विचारही नको. इगतपुरी-त्र्यंबककडे तर पावसाळ्यात दिवसेंदिवस ऊन दिसत नाही, तिथे एका रात्रीचा हिशेब पुरत नाही. मात्र नुसती बॅटरी वाढवूनही भागत नाही. पॅनल तेवढंच राहिलं तर ती कधीच पूर्ण भरत नाही आणि प्लेटांवर सल्फेट साचतो. जुन्या बॅटरीला नवी जोडणं हा तर पैसे वाचवायचा सर्वांत महागडा उपाय.

पाणी डिस्टिल्डच घाला, तेही बॅटरी पूर्ण चार्ज झाल्यावर. वरून ॲसिड कधीच नाही. चार्ज होताना हायड्रोजन सुटतो, तेव्हा बॅटरी कोंदट खोलीत ठेवू नका.

कडाक्याच्या थंडीतल्या निफाडकरांनी एक गोष्ट जास्त पाहावी. पॅनलवर छापलेलं ओपन सर्किट व्होल्टेज (पॅनलला काहीच जोडलेलं नसतानाचं) २५ अंश तापमानाचं असतं. थंडीत ते वाढतं, साधारण दर अंशाला ०.३ टक्के. पारा ५ अंशांवर आला की सहा टक्के जास्त. सिरीजमध्ये, म्हणजे एकापुढे एक पॅनल जोडताना व्होल्टेजची बेरीज होते. त्यात चार्ज कंट्रोलरची (पॅनल आणि बॅटरीमधलं चार्जिंग सांभाळणारा डबा) व्होल्टेज मर्यादा काठोकाठ गाठली असेल, तर तो जानेवारीतल्या एखाद्या कोवळ्या उन्हाच्या सकाळी जळतो. कंट्रोलरला आधी बॅटरी जोडायची, मग पॅनल, काढताना उलट.

१२ व्होल्टवर ६०० वॅट म्हणजे ५० अँपिअर. बारीक वायर तापणारच. पॅनल-बॅटरीकडच्या डीसी बाजूला घरगुती एसीची एमसीबी (जादा करंट आला की आपोआप पडणारा स्विच) लावू नका, तिला डीसीची ठिणगी तोडता येत नाही.

द्राक्षबागेला लागून पॅनल असेल तर ब्लोअरच्या फवारणीचा थर काचेवर बसतो. सकाळी लवकर साध्या पाण्याने, मऊ कापडाने पुसा. भर दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी ओतलं तर ती तडकू शकते.