पॉवर स्टीअरिंगची मोटर बदलताना : गॅरेजमध्ये नव्याने येणाऱ्यांसाठी

डिचोलीच्या आयटीआयमधून मोटर मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण करून मी म्हापशाजवळच्या एका गॅरेजमध्ये शिकाऊ म्हणून लागलो, तेव्हा क्लच प्लेट, ब्रेक, सस्पेन्शन ही कामे हाताला बऱ्यापैकी बसली होती. स्टीअरिंगच्या चाकामागे, डॅशबोर्डच्या पोटात लपलेल्या त्या छोट्या मोटरची मात्र मला धास्ती वाटत असे. आज माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलामुलींच्या चेहऱ्यावर मला तीच धास्ती दिसते, आणि म्हणूनच या एकाच कामाविषयी सविस्तर लिहावेसे वाटले. मोटर काढून दुसरी बसवायला अर्धा दिवस पुरतो. ती बदलण्याची गरज होती का हे आधी मोजून ठरवणे, आणि नवी बसवल्यावर चाकाला कुणाचाही जोर नसतानाची स्थिती, म्हणजे ‘शून्य’, गाडीला पुन्हा शिकवणे, हे शिकायला मला दोन पावसाळे लागले.

रचना थोडक्यात सांगतो. पूर्वीच्या गाड्यांत इंजिनच्या पट्ट्यावर फिरणारा पंप तेलाचा दाब तयार करी आणि त्या दाबाने स्टीअरिंग हलके होई. विजेवरची पद्धत 1988 मध्ये जपानमध्ये सुझुकीच्या सर्व्हो या छोट्या गाडीत आली, आणि आता आपल्याकडच्या लहान गाड्यांत बहुधा तीच असते. चालक चाक वळवतो तेव्हा कॉलममधला (चाकापासून खाली जाणाऱ्या स्टीअरिंगच्या नळीतला) एक बारीक दांडा किंचित पिळला जातो. तो किती आणि कोणत्या बाजूला पिळला, हे टॉर्क सेन्सर मोजतो. कंट्रोल युनिट त्या मोजमापाला गाडीच्या वेगाची जोड देऊन मोटरला किती करंट द्यायचा ते ठरवते. आणि मोटर वर्म गिअरच्या (स्क्रूसारख्या आट्यांच्या गिअरच्या) मदतीने कॉलमचा दांडा फिरवते. उभ्या गाडीत चाक पूर्ण वळवताना हा करंट कित्येक अँपिअरपर्यंत चढतो, म्हणून तिच्यासाठी वेगळा, जाड फ्यूज असतो. हे एकदा डोक्यात पक्के बसले की स्टीअरिंग जड झाल्याची तक्रार आली असता शोध कुठून सुरू करायचा, हे आपोआप सुचते: वीज पोहोचते का, सेन्सर खरे सांगतो का, युनिट हुकूम देते का, आणि मोटर तो पाळते का. मोटरचा क्रम शेवटचा आहे.

नवशिके नेमके उलटे करतात. डॅशवर पिवळा दिवा दिसला, स्कॅनरवर (गाडीच्या युनिटमधले बिघाडाचे कोड वाचणाऱ्या यंत्रावर) ‘मोटर’ हा शब्द असलेला कोड आला, की लगेच सुट्या भागांच्या दुकानात फोन जातो. मीही तसेच केलेले आहे. स्कॅनर कोणत्या सर्किटमध्ये गडबड आहे एवढेच सांगतो, आणि त्या सर्किटमध्ये वायर, कपलर (वायरींना जोडणारा प्लग), फ्यूज, अर्थ (गाडीच्या पत्र्यातून बॅटरीच्या निगेटिव्हकडे जाणारी परतीची जोडणी) आणि मोटर असे सगळेच येते.

गोव्यात तर अर्थकडे विशेष लक्ष द्यावे लागते. मोरजी, मांद्रे, कळंगुट या पट्ट्यातल्या गाड्या बारा महिने खाऱ्या हवेत उभ्या असतात, आणि जूनपासून चार महिने पाऊस त्यांना कोरडे होऊ देत नाही. आतल्या गावांतल्या गाड्यांची गोष्ट वेगळी असते: अंगणातल्या फणसाखाली किंवा आंब्याखाली गाडी उभी राहते, पुढच्या काचेच्या पायथ्याशी पाने साचतात, पाणी निचरायची भोके बुजतात, आणि तुंबलेले पाणी वाट काढून केबिनमध्ये, चालकाच्या पायांपाशी उतरते. अनेक गाड्यांत स्टीअरिंग युनिटचा अर्थ बोल्ट तिथेच, बाजूच्या पत्र्यावर असतो. बाहेरून तो घट्ट दिसतो, पाना लावला तरी हलत नाही, पण उघडल्यावर खाली गंज आणि कपलरच्या पिनांवर हिरवट थर सापडतो. म्हणून पावसाळ्यात अशी गाडी आली की मी आधी पायाखालची मॅट उचलून गालिच्यावर तळहात दाबून पाहतो.

अर्थ तपासायचा तर केवळ मीटरने रेझिस्टन्स बघून भागत नाही, कारण वायरचा एकच धागा शिल्लक असला तरी मीटर ठीकच दाखवतो. करंट वाहत असताना मोजावे लागते. इंजिन चालू ठेवावे, मीटर डीसी व्होल्टवर घ्यावा, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर आणि दुसरे युनिटच्या अर्थ पिनवर धरावे, आणि सोबत्याला उभ्या गाडीत चाक दोन्ही बाजूंना वळवायला सांगावे. मीटरवर 0.1 ते 0.2 व्होल्टच्या आत आकडा राहिला तर अर्थ चांगला समजावा. तो अर्ध्या-एक व्होल्टपर्यंत उडी मारू लागला तर तिथे वीज अडते आहे. हीच चाचणी पॉझिटिव्ह बाजूलाही करावी. त्याआधी बॅटरी विश्रांतीत साधारण 12.6 व्होल्ट आणि इंजिन चालू असताना 13.5 ते 14.5 व्होल्ट दाखवते ना, हे पाहून घ्यावे. दुबळ्या बॅटरीमुळे दिवा लागलेल्या गाड्या मी पुष्कळ पाहिल्या आहेत. आणखी एक सांगायला हवे. अरुंद जागेत गाडी लावताना उभ्या उभ्या चाक बराच वेळ गरागरा फिरवले तर मोटर तापू नये म्हणून युनिट स्वतःच मदत कमी करते. थोड्या वेळाने सारे पूर्ववत होते. तो बिघाड नव्हे.

वीज नीट पोहोचते, चाक हलवल्यावर स्कॅनरवर टॉर्क सेन्सरचा आकडा दोन्ही बाजूंना सारखा बदलतो, युनिट करंट मागते आहे, आणि प्रत्यक्ष करंट मात्र मिळत नाही किंवा तुटक तुटक मिळतो, अशी स्थिती आली की मगच संशय मोटरवर किंवा तिच्यापर्यंतच्या वायरवर घ्यावा. कार्बन ब्रश असलेल्या मोटरमध्ये ब्रश झिजले की चाक एका ठरावीक जागी आल्यावरच मदत जाते, हे लक्षण ओळखून ठेवण्यासारखे आहे. केवळ खडखड आवाज येत असेल आणि मदत पूर्ण मिळत असेल, तर काही गाड्यांत मोटर आणि वर्म यांच्यामधले बोटभर रबरी कपलिंग झिजलेले असते, आणि तेवढेच बदलून ग्राहकाचे हजारो रुपये वाचतात.

आता प्रत्यक्ष काम. गाडी सपाट जागी, पुढची चाके अगदी सरळ करून उभी करावी. बॅटरीचा निगेटिव्ह काढून कंपनीच्या पुस्तकात दिलेला वेळ थांबावे, कारण एअरबॅगच्या युनिटमध्ये वीज काही काळ साठून राहते. एअरबॅग काढावी लागली तर ती तोंड वर करून ठेवावी आणि तिच्या पिनांना मीटर कधीही लावू नये. स्टीअरिंगचे चाक सीटबेल्टने बांधून ठेवावे, हे तर मी ओरडून सांगतो. चाकामागे गुंडाळलेली एक चपटी केबल असते आणि तिला मोजकेच वेढे असतात. खालचा सांधा सुटल्यावर कुणी सहज चाक फिरवले तर ती तुटते, हॉर्न बंद पडतो आणि एअरबॅगचा दिवा लागतो. कॉलमच्या खालच्या सांध्यावर आणि दांड्यावर रंगाने एक सरळ खूण करून मगच बोल्ट काढावा. कॉलम उतरवताना त्याला मोटरच्या वायरने लोंबकळू देऊ नये. अडकलेला दांडा हातोडीने ठोकू नये, कारण अपघातात कॉलम आत दबावा म्हणून त्यात मुद्दाम नाजूक भाग ठेवलेले असतात आणि ते ठोक्याने मोडतात. पुष्कळ गाड्यांत मोटर दोन-तीन बोल्टांवर सुटी निघते. काहींत ती सुटी मिळतच नाही आणि पूर्ण कॉलम घ्यावा लागतो. हे ग्राहकाशी दर बोलण्याआधी चॅसिस नंबर देऊन दुकानात विचारून घ्यावे. परत जोडताना सांध्याचा बोल्ट दांड्यावरच्या खाचेतूनच गेला आहे ना, हे डोळ्यांनी पाहावे, टॉर्क रेंचने दिलेल्या मापापर्यंत आवळावे, आणि पुस्तकात नवा बोल्ट लिहिला असेल तर जुना पुन्हा वापरू नये. या एका बोल्टवर माणसांचे जीव असतात.

माझी चूक यानंतरच्या टप्प्यावर झाली. चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आधीचा आठवडा होता, गॅरेजमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती, आणि पेडण्याच्या एका शिक्षिकेची छोटी गाडी त्यांना गावी सामान न्यायला हवी होती. मोटर खरोखरच गेली होती; मी सगळे मोजले होते आणि त्याचा मला आनंदही होता. नवा संच बसवला, चालकाच्या जागी बसलो, डाव्या हातात स्कॅनर धरला आणि टॉर्क सेन्सरचे शून्य ठरवायची आज्ञा दिली. उजवा हात मात्र नकळत चाकाच्या उजव्या कडेवर विसावला होता. दिवा विझला, स्टीअरिंग लोण्यासारखे हलके झाले. रस्त्यावर गाडी डावीकडे ओढू लागली, तेव्हा मी रस्त्याच्या उताराला दोष दिला. आपले रस्ते मध्ये उंच आणि कडेला उतरते असतात आणि आपण डावीकडून चालतो, त्यामुळे ते कारण पटण्यासारखेही होते. मग व्हील अलाइनमेंट केले, टायरची हवा पाहिली, पुढचे टायर आपसांत बदलले. ओढ तशीच राहिली.

संध्याकाळी आमचे मेस्त, म्हणजे गॅरेजमधले उस्ताद, आले. त्यांनी माझे सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, “बाबू, पुढची चाके जॅकवर उचल आणि इंजिन सुरू कर.” चाके हवेत गेली, इंजिन सुरू झाले, आणि कुणीही हात न लावता स्टीअरिंगचे चाक सावकाश डावीकडे फिरू लागले. माझ्या विसावलेल्या हाताचा भार युनिटने शून्य म्हणून शिकून घेतला होता, आणि हात नसताना त्याला वाटत होते की चालक डावीकडे वळवतो आहे. मेस्तांनी मला गाडीतून उतरवले, सगळी दारे लावून घेतली, चाके सरळ असल्याची खात्री केली आणि खिडकीतून स्कॅनर धरून पुन्हा आज्ञा दिली. ओढ गेली. त्या बाईंना गाडी एक दिवस उशिरा मिळाली. मी स्वतः ती पेडण्याला पोहोचवली आणि अलाइनमेंटचे पैसे त्यांच्या बिलात लावले नाहीत.

तेव्हापासून गाडी देण्याआधी जॅकवरची ही चाचणी मी प्रत्येक वेळी करतो. त्यानंतर रस्त्यावर वळणातून बाहेर पडताना चाक दोन्ही बाजूंनी सारखे परत येते का, उभ्या गाडीत दोन्ही टोकांपर्यंत जोर सारखा लागतो का, आणि स्कॅनरवर कोड परत येतो का, हे पाहतो. बसवलेल्या संचाला कोडिंग (स्कॅनरने त्या गाडीची माहिती नव्या युनिटमध्ये भरणे) लागत असेल तर ते शून्य ठरवण्याआधी करावे लागते. क्रम गाडीप्रमाणे बदलतो, म्हणून पुस्तक उघडे ठेवूनच बसावे.

या कामात उतरू पाहणाऱ्यांनी आयटीआयमध्ये विजेचे तास टाळू नयेत. माझ्या बरोबरची अनेक मुले वायरिंगचा नकाशा वाचायला कंटाळत, आणि आज तीच अडून बसतात. शिकाऊ उमेदवारी करताना गॅरेज निवडायचे तर तिथे स्कॅनर किती महागडा आहे हे पाहू नये. मोजलेले आकडे लिहून ठेवणारा कुणी माणूस तिथे आहे का, हे पाहावे. मी माझ्या वहीत प्रत्येक गाडीचे आधीचे आणि नंतरचे व्होल्टेज, अर्थचा आकडा आणि मोटरचा करंट लिहितो, आणि शंका आली की तशाच दुसऱ्या गाडीचे पान काढतो.

काढलेली जुनी मोटर ग्राहकाला दाखवावी, आणि त्यांना ती नको असेल तर विचारून ठेवून घ्यावी. आमच्या बाकाखाली अशा मोटरींची एक पेटी आहे. नवे मूल आले की पहिल्या रिकाम्या दुपारी मी त्यातली एक उघडायला देतो, म्हणजे ब्रश कुठे झिजला, काळी कार्बनची पूड कुठे साचली आणि बेअरिंग का अडकले, हे ते स्वतःच्या हातांनी शोधते आणि मला येऊन सांगते.