कर्झनच्या सात पदव्या: इंग्रजी सरदार घराण्याचे वारस कसे लावायचे

वारस लावणं हे माझं एकतीस वर्षांचं काम. करवीर आणि पन्हाळा तालुक्यांत तलाठी म्हणून नोकरी झाली. कुणी मयत झालं की घरची माणसं दाखले घेऊन यायची, मी वारस रजिस्टरला नोंद धरायची, मग फेरफार, मग सातबाऱ्यावर नाव. निवृत्तीनंतर हे काम सुटलं असं वाटलं होतं. गेल्या दिवाळीत मोठी नात सुट्टीला आली. तिला नवा राजवाडा आणि कसबा बावड्याचं शाहू महाराजांचं जन्मस्थळ दाखवून आणलं. घरी येऊन पाय धुताना तिनं विचारलं, "आज्जी, शाहू महाराज कागलच्या घाटग्यांकडून दत्तक आले. मग इंग्लंडच्या लॉर्डांनाही दत्तक घेता येतो का? त्या बंगालच्या फाळणीवाल्या कर्झनच्या जागी आता कोण आहे?"

मला उत्तर येत नव्हतं. शोधायला बसले तर आपल्या फेरफाराच्या रीतीनंच ते सुटलं. ती रीत इथं लिहिते. इंग्लंडच्या इतिहासाचा अभ्यास करणाऱ्या मुलांना, भाषांतर करणाऱ्यांना आणि जुनी पत्रं वाचणाऱ्यांना ती उपयोगी पडेल.

आधी एक गोष्ट मनात पक्की बसवा. आपण माणसाचे वारस शोधायचे नाहीत, पदवीचे शोधायचे. एका खातेदाराचे सात गट असले तर सातही गटांचा उतारा वेगळा निघतो. एक वडिलार्जित, एक खरेदीचा, एक बक्षीसपत्रानं आलेला. तसंच तिथं. एका लॉर्डच्या अंगावर पाच-सात पदव्या असतात, प्रत्येक पदवीची सनद वेगळी आणि प्रत्येक सनदेत पुढचा वारस कोण हे वेगळं लिहिलेलं. माझी पहिली चूक इथंच झाली. आमच्या महिला मंडळाच्या छोट्या पुस्तिकेत मी लिहून दिलं की कर्झनच्या मागं त्याचा पुतण्या दुसरा मार्क्विस झाला. छापून आल्यावर कळलं की दुसरा मार्क्विस कधी झालाच नाही. मी माणसाचा पुतण्या बघितला, पदवीची सनद बघितली नव्हती.

साहित्य फार लागत नाही. मोठा ड्रॉइंग पेपर, पट्टी, पेन्सिल आणि तीन रंगांचे पेन. मी पेपर खाली फरशीवर पसरते, कोपऱ्यांवर अडकित्ता, तांब्या आणि गुळाचा डबा ठेवते, नाहीतर तो गुंडाळतो. पेपरवर आडव्या पट्ट्या आखा. एका पदवीला एक पट्टी. पट्टीच्या डाव्या टोकाला सनदेचं साल आणि वारसाची अट, मग क्रमानं धारकांची नावं, प्रत्येकाखाली मृत्यूचं साल. माणसं उभी जुळवायची, म्हणजे एकच माणूस चार पट्ट्यांवर असला तर त्याची नावं एकाखाली एक आली पाहिजेत.

पदव्यांचा दर्जा वरून खाली असा: ड्यूक, मार्क्विस, अर्ल, व्हायकाउंट, बॅरन. माणूस ओळखला जातो तो सगळ्यांत वरच्या पदवीनं, पण खालच्या पदव्या बुडत नाहीत, त्या त्याच्याकडेच असतात. बॅरोनेट हा मात्र या पाचांतला नाही. तो किताब वंशपरंपरेनं चालतो, पण त्यानं कुणी उमराव होत नाही.

आता सनद. राजाच्या मोहोरेची ती सनद आणि तिच्यातलं वारसाचं कलम, ज्याला तिकडं रिमेंडर म्हणतात, हे सगळ्या कामाचं मूळ आहे. नेहमीचं कलम असं असतं: धारकाच्या स्वतःच्या पोटचे, लग्नसंबंधातले पुरुष वारस, तेही फक्त पुरुषांकडून पुरुषांकडे. म्हणजे मुलगी नाही आणि मुलीचा मुलगाही नाही. पदवी थोरल्याकडे अखंड जाते, धाकट्या भावांना त्यात वाटा नाही. तिचं मृत्युपत्र करता येत नाही, ती विकता येत नाही. पण कधी कधी सनदेत खास कलम घालून घेतलेलं असतं, आणि ज्याला हे दिसत नाही त्याची पुढची सगळी नावं चुकतात. सनदांच्या जाहिराती 'लंडन गॅझेट' या सरकारी राजपत्रात छापल्या जात. त्याचे जुने अंक इंटरनेटवर फुकट उघडतात. पदवीचं नाव आणि साल घालून शोधा.

आता कर्झन घेऊ, कारण यापेक्षा चांगला धडा मला मिळाला नाही. जॉर्ज नथॅनियल कर्झन १८५९ साली डर्बीशायरमधल्या केडलस्टन हॉलमध्ये जन्मला. १८९९ ते १९०५ व्हाइसरॉय होता, म्हणजे आपल्या शाहू महाराजांच्या कारकिर्दीच्या ऐन भरात. त्याची पहिली पट्टी वडिलार्जित: बॅरन स्कार्सडेल, सनद १७६१ ची. वडील १९१६ साली वारले तेव्हा हा पाचवा बॅरन स्कार्सडेल झाला. दुसरी पट्टी १८९८ ची, व्हाइसरॉय म्हणून निघण्याआधीची: आयर्लंडच्या उमरावकीतली बॅरन कर्झन ऑफ केडलस्टन ही पदवी. आयर्लंडचीच का? कारण आयरिश उमरावाला परत येऊन हाउस ऑफ कॉमन्समध्ये निवडून जाता येत होतं, इंग्रजी उमरावाला नाही. परतीची वाट त्यानं मोकळी ठेवली होती.

मग १९११. या एका वर्षात त्याला तीन पदव्या मिळाल्या आणि तिन्हींची कलमं वेगळी. तोवर त्याची पहिली बायको मेरी वारली होती. तिच्यापासून तीन मुली होत्या: आयरीन, सिंथिया, अलेक्झांड्रा. मुलगा नव्हता. अर्ल कर्झन ऑफ केडलस्टन ही पदवी नेहमीच्या कलमाची, स्वतःच्या पुरुष वारसांना. व्हायकाउंट स्कार्सडेल ही आपल्या वडिलांच्या पुरुष वारसांना, म्हणजे भाऊ आणि पुतण्यांसाठी दार उघडं. आणि बॅरन रॅव्हन्सडेल ही मुलींना, थोरलीपासून क्रमानं: आधी थोरली आणि तिचे पुरुष वारस, ते नसले तर पुढची मुलगी आणि तिचे. हे तिसरं कलम वाचलं तेव्हा मी थोडा वेळ पेन खाली ठेवला. 'मुलीला काय द्यायचं' म्हणून हक्कसोड पत्रावर सही घ्यायला बहिणींना घेऊन येणारे किती भाऊ मी कचेरीत बघितले. इथं बापानं तीन मुलींची नावं पुढं चालावीत म्हणून एक पदवी वेगळी काढून घेतली होती.

शेवटच्या दोन पट्ट्या १९२१ च्या: मार्क्विस कर्झन ऑफ केडलस्टन आणि त्यासोबत अर्ल ऑफ केडलस्टन, दोन्ही नेहमीच्या कलमाच्या. एकूण सात.

२० मार्च १९२५ ला कर्झन वारला. तुमच्या पेपरवर या तारखेला एक उभी रेघ मारा आणि प्रत्येक पट्टी एकेक करून तपासा. १८९८ ची आयरिश बॅरनी: मुलगा नाही, पट्टी बंद. १९११ ची अर्लकी: बंद. १९२१ च्या दोन्ही: बंद. लाल पेनानं आडवी दुहेरी रेघ. चार गेल्या. १७६१ ची बॅरनी आणि १९११ ची व्हायकाउंटकी पुतण्या रिचर्डकडे गेल्या. राहिली रॅव्हन्सडेल, ती थोरली मुलगी आयरीनकडे. चार, दोन आणि एक. बेरीज सात आली नाही तर कुठलीतरी पट्टी आखायची राहिली आहे, मागं जा.

आकड्यांनी इथं नवखा माणूस गोंधळतो. रिचर्ड एकाच वेळी दुसरा व्हायकाउंट आणि सहावा बॅरन स्कार्सडेल होता. काही चुकलेलं नाही. आकडा त्या त्या सनदेपासून मोजतात, प्रत्येक पट्टी आपल्या एकपासून सुरू होते. कर्झनही पाचवा बॅरन होता आणि पहिला मार्क्विस.

विधवेचं नाव पट्टीत घालू नका. आपल्याकडे नवरा गेला की बायकोचं नाव मुलांच्या बरोबरीनं लागतं. तिथं कर्झनची दुसरी बायको ग्रेस लग्नामुळं मार्शनेस म्हणवली, त्याच्या मागंही म्हणवत राहिली, पण पदवीची धारक ती कधीच नव्हती. पेन्सिलीनं बाजूला लिहा हवं तर.

आता आयरीनची पट्टी पुढं न्या, खरी परीक्षा तिथं आहे. ती स्वतःच्या हक्कानं बॅरोनेस झाली, पण हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये तिला बसता येत नव्हतं. वंशपरंपरेनं पदवी आलेल्या बायकांना तो अधिकार १९६३ च्या कायद्यानं मिळाला. तेहतीस वर्षं पदवी होती, खुर्ची नव्हती. १९५८ साली हयातीपुरत्या पदव्यांचा कायदा आला तेव्हा पहिल्या चार बायकांत तिला घेतलं आणि त्या नव्या पदवीवर ती सभागृहात बसली. ही हयातीची पदवी पेपरवर तुटक रेघेनं काढा, कारण ती धारकाबरोबर संपते.

आयरीन १९६६ साली वारली, अविवाहित. पुढं कोण? सिंथिया दोन नंबरची मुलगी, ती १९३३ सालीच गेलेली. अलेक्झांड्रा हयात होती. घाईत माणूस अलेक्झांड्राचं नाव लावतो. पण वारस तपासाचा नियम तोच: मयत वारसाची शाखा आधी उघडून बघायची. सिंथियाचं लग्न ऑस्वल्ड मोस्लीशी झालं होतं आणि तिचा मुलगा निकोलस हयात होता. थोरली शाखा, तिच्यात पुरुष वारस, म्हणून मावशीमागं निकोलस तिसरा बॅरन रॅव्हन्सडेल. १९८० साली बापाकडून त्याला मोस्ली घराण्याची बॅरोनेटकी आली, म्हणून आता वेगळ्या घराण्याची एक पट्टी तुमच्या पेपरवर येऊन मिळते. २०१७ साली निकोलस वारला. थोरला मुलगा शॉन २००९ सालीच गेला होता, म्हणून शॉनच्या मुलाकडे, नातू डॅनियलकडे पदवी गेली. नातीला तिच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथं मिळालं. कर्झनच्या सातांतली एक पदवी मुलीच्या वाटेनं त्याच्या पणतवाच्या मुलापर्यंत आली आहे, आडनाव मोस्ली.

दुसरं अर्धं स्कार्सडेलच्या पट्ट्यांवर आहे. रिचर्ड १९७७ साली वारला, पदव्या चुलतभाऊ फ्रान्सिसकडे गेल्या. त्यानं १९८७ साली केडलस्टन हॉल नॅशनल ट्रस्ट या संस्थेच्या ताब्यात दिला. घर गेलं तरी पदवी हलली नाही. वाडा, जमीन, दागिने यांचे कागद वेगळे असतात, ते या पेपरवर आणू नका.

दत्तकाचं उत्तर एका शब्दात: नाही. १८८३ च्या डिसेंबरात कोल्हापूरचे चौथे शिवाजी महाराज वारले आणि १७ मार्च १८८४ ला आनंदीबाईसाहेबांनी कागलच्या यशवंतरावांना मांडीवर घेतलं. ते शाहू महाराज. आपल्या गादीचं सगळं पुढचं भाग्य त्या दत्तकविधानातून आलं. इंग्रजी पदवी दत्तकाला मिळत नाही. २००४ पासून उमरावांच्या दत्तक मुलांना नावामागं मानाचं संबोधन लावता येतं, वारसाहक्क मात्र नाही.

अजून तीन ठिकाणी हात अडखळतो. एक, हयात वारसाचं नाव दोन तऱ्हेनं लिहा. थोरला मुलगा असेल तर पेननं, त्याला कुणी मागं सारू शकत नाही. भाऊ किंवा पुतण्या असेल तर पेन्सिलीनं, कारण धारकाला उद्या मुलगा झाला तर तो मागं पडतो. धारक वारला तेव्हा बायको गरोदर असेल तर बाळंतपणापर्यंत थांबतात. आपल्या कायद्यातही गर्भातलं मूल वारस धरतात. दोन, पदवी सोडता येते, १९६३ पासून, वारसा आल्यापासून वर्षाच्या आत. पण ते आपल्या हक्कसोड पत्रासारखं नाही. सोडलेली पदवी भावाला जात नाही, सोडणाऱ्याच्या मरणापर्यंत नुसती थांबते. टोनी बेननं १९६३ साली व्हायकाउंट स्टॅन्सगेट ही पदवी सोडली. २०१४ साली तो वारल्यावर मुलगा स्टीफन याच्याकडे ती आली. तीन, काही फार जुन्या बॅरनी सनदेनं नव्हे, पार्लमेंटला हजर राहण्याच्या राजाच्या बोलावण्यानं तयार झालेल्या आहेत. मुलगा नसला तर त्या मुलींना जातात, पण तिथं थोरली-धाकटी नसते. दोन मुली असल्या की दोघी सारख्या, आणि पदवी एकीलाही न लागता तहकूब पडते. ग्रे ऑफ कॉडनॉर ही बॅरनी १४९६ पासून १९८९ पर्यंत अशी पडून होती. अशा पट्टीवर बंदची लाल रेघ मारू नका, मधली जागा मोकळी ठेवा.

शेवटी नोंद. वारसाला पदवी मिळते ती मरणाच्या क्षणी. पण २००४ पासून उमरावांची एक अधिकृत नोंदवही आहे. तिच्यात नाव लागायला जन्माचे, लग्नाचे, मृत्यूचे दाखले देऊन नातं शाबीत करावं लागतं, आणि नाव लागेपर्यंत सरकारी कागदात त्या पदवीनं उल्लेख होत नाही. खातेदारांना मी हेच सांगत आले की फेरफारानं हक्क तयार होत नाही, झालेला हक्क लिहिला जातो.

सरावाला डलहौसी घ्या, साताऱ्याचा. १८४८ साली आप्पासाहेब महाराजांचा दत्तक नामंजूर करून ज्यानं साताऱ्याचं राज्य खालसा केलं तो. सरावापुरत्या तीनच पट्ट्या घेऊ. मार्क्विस, सनद १८४९ ची, नेहमीचं कलम. तो १८६० साली वारला, मागं दोन मुली, तेव्हा ही पट्टी अकराव्या वर्षी बंद. डलहौसीची अर्लकी स्कॉटलंडची आणि जुनी, ती भाऊबंदांतल्या फॉक्स मॉलकडे अकरावा अर्ल म्हणून गेली. मॉलची स्वतःची बॅरन पॅनम्युअर ही तिसरी पट्टी आधीपासून चालू होती. १८७४ साली तोही निपुत्रिक वारला. आता तुम्हीच बघा, त्या साली कुठली पट्टी बंद करायची आणि कुठली बाराव्याकडे न्यायची.