टोळीच्या हल्ल्यात कट सिद्ध करताना

एका टोळीत असणं म्हणजे कटात असणं नव्हे. खटले बहुतेक इथेच ढासळतात. भारतीय न्याय संहितेच्या कलम 61 नुसार किमान दोघांमधली सहमती दाखवावी लागते. तिचा थेट पुरावा क्वचितच मिळतो, म्हणून आधी हल्ल्याच्या आधीच्या तासांचा तक्ता करा: कोणी कोणाला फोन केला, गाडी कोणी आणली, हत्यारं कुठून आली, रेकी (जागेची आधी पाहणी) कोणी केली. सीडीआर (फोन कंपनीकडची कॉलची नोंद) फक्त संपर्क दाखवतो, बोलणं नाही. रोज बोलणारे दोन मित्र त्या दिवशीही बोललेच असते, हा बचाव ठरलेलाच! म्हणून आधीच्या महिन्याचे कॉलही जोडा. नेहमीपेक्षा वेगळं काय घडलं ते त्यातूनच दिसतं.

भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 8 मुळे कटातल्या एकाचं बोलणं दुसऱ्याविरुद्ध वापरता येतं, पण कट असल्याचा वाजवी आधार आधी हवा, आणि ते बोलणं कट चालू असतानाचं हवं. अटकेनंतरची बडबड त्यात बसत नाही. व्हॉट्सॲप चॅटला याच अधिनियमाच्या कलम 63 चं, इलेक्ट्रॉनिक नोंदींसाठी लागणारं प्रमाणपत्र हॅश व्हॅल्यूसह (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा डिजिटल ठसा) जोडा. नुसत्या स्क्रीनशॉटवर विसंबू नका.