कॅफे रेसर बुलेटचा एअरबॉक्स

जुन्या बुलेट ३५० ची कॅफे रेसर, म्हणजे हलकी, रेसिंग ढबीची गाडी करताना मूळ एअरबॉक्स (इंजिनाला गाळलेली हवा देणारा डबा) काढून कार्ब्युरेटरला (हवा आणि पेट्रोल मिसळणारा भाग) थेट शंकूच्या आकाराचा कोन फिल्टर लावला होता. अर्ध्या थ्रॉटलला गाडी अडखळायची, स्पार्क प्लग पांढराफटक. म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी; त्यात उघड्या फिल्टरवर बाजूच्या वाऱ्याचा झोत.

मग ॲल्युमिनियमच्या पत्र्याचा त्रिकोणी डबा वाकवून सीटखाली बसवला, सांधे पेट्रोलला टिकणाऱ्या सीलंटने बुजवले. तोंड सीटकडे, आत तेल लावलेला फोम. डब्यापासून कार्ब्युरेटरपर्यंत रबरी पाइप. पाइपाचं आतलं टोक कानशीने गोल केलं. धारदार कडेवर हवा घुसळते आणि जेटिंग (कार्ब्युरेटरमधलं पेट्रोलचं प्रमाण जुळवणं) जमता जमत नाही. शेवटी मेन जेट (पेट्रोल येण्याचं मुख्य छिद्र) एक नंबर मोठा, कार्ब्युरेटरच्या सुईची क्लिप एक खाच खाली, म्हणजे सुई वर आणि पेट्रोल जास्त. आता प्लग विटकरी रंगाचा निघतो आणि चढावर थ्रॉटल पिळला की गाडी सरळ ओढते.