आधी प्रत, मग आवराआवर : मोठ्या फोटोसंग्रहाचा बॅकअप कसा घ्यावा

हजारो फोटो साठले की आपण ठरवतो, एकदा सवडीने सगळे नीट लावू आणि मग बॅकअप घेऊ. मीही तेच करत होतो. वर्षवार फोल्डर करण्याचं काम अर्ध्यावर आलं असताना हार्ड डिस्कने मान टाकली. तिच्यातले आजीचे फोटो दुसरीकडे कुठेच नव्हते. म्हणून इथे क्रम उलटा ठेवलाय. आवरायला महिने लागले तरी चालतील, दुसरी प्रत मात्र या आठवड्यात व्हायला हवी.

१. सगळं एका ड्राइव्हवर आणा

फोटो कुठे कुठे आहेत त्याची कागदावर यादी करा: आताचा फोन, कपाटातला जुना फोन, कॅमेऱ्याची मेमरी कार्डं, पेन ड्राइव्ह, जुना लॅपटॉप. मग अंदाज बांधा. एक फोटो सरासरी ४ एमबीचा धरला, तर ४०,००० फोटोंना १६० जीबी लागतील. व्हिडिओ आणि कॅमेऱ्याच्या रॉ (प्रक्रिया न केलेल्या, मोठ्या) फाइली असतील तर हा आकडा झपाट्याने वाढतो. आजच्या गरजेच्या निदान दुप्पट क्षमतेचे दोन एक्स्टर्नल ड्राइव्ह घ्या. ते विंडोज आणि मॅक दोन्हींवर चालायला हवे असतील तर रिकामे असतानाच एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट करा. फॅट३२ या जुन्या फॉरमॅटवर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही, त्यामुळे लांबलचक व्हिडिओ तिथे अडतात.

पहिल्या ड्राइव्हवर प्रत्येक ठिकाणासाठी एक फोल्डर करा आणि तिथलं सगळं जसंच्या तसं त्यात कॉपी करा. कट-पेस्ट करू नका. कॉपी झाल्यावर दोन्हीकडच्या फाइलींची संख्या आणि एकूण आकार जुळतो का ते पाहा. मूळ जागेवरचं काहीही इतक्यात पुसायचं नाही.

आयफोनवर जागा वाचवण्याची सोय चालू असेल, तर फोनमध्ये बऱ्याच फोटोंच्या छोट्या आवृत्त्याच असू शकतात. मूळ फोटो आयक्लाउडवर असतात, ते तिथून उतरवून घ्या. व्हॉट्सअॅपवर साध्या पद्धतीने आलेला फोटो दाबून लहान केलेला असतो आणि तो कधी काढला ही फाइलमधली नोंदही गेलेली असते. महत्त्वाचा फोटो ज्याने काढला त्याच्याकडून मूळ फाइल मागून घ्या.

२. तीन प्रती, दोन प्रकार, एक दूर

अमेरिकन छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला ३-२-१ हा नियम आजही उत्तम आहे: एकूण तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक घराबाहेर. पहिला ड्राइव्ह रोजच्या कामाचा. त्याची पूर्ण प्रत दुसऱ्या ड्राइव्हवर. तिसरी क्लाउडवर.

दुसरा ड्राइव्ह प्रत काढण्यापुरताच जोडा, एरवी सुटा ठेवा. फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारे व्हायरस जोडलेल्या ड्राइव्हवरही हल्ला करतात, आणि विजेच्या झटक्याने एका वेळी सगळं जळू शकतं. याच कारणाने रेड पद्धतीने (अनेक डिस्क एकत्र जोडून एकीसारख्या वापरण्याची पद्धत) जोडलेल्या डिस्कना मी बॅकअप मानत नाही. एक डिस्क बिघडली तर ती पद्धत सांभाळून घेते, पण चुकून पुसलेला फोटो सगळ्याच डिस्कवरून जातो.

कपाटात पडून राहणाऱ्या प्रतीसाठी साधी फिरती हार्ड डिस्क बरी. एसएसडी (चिपवर माहिती साठवणारी डिस्क) वेगवान असते, पण वर्षानुवर्षं वीज न मिळाल्यास तिच्यातली माहिती धरून ठेवणारा विद्युतभार गळत जातो.

३. सिंक म्हणजे बॅकअप नव्हे

बरेच फोटो इथे हरवतात. फोनची जागा भरली म्हणून आपण गॅलरीतून फोटो काढून टाकतो, ‘क्लाउडवर आहेतच’ या भरवशावर. पण सिंकचं कामच दोन्हीकडे सारखं ठेवण्याचं! इकडे पुसलं की तिकडेही पुसलं जातं. बॅकअप झालेला फोटो गूगल फोटोजच्या कचरापेटीत ६० दिवस राहतो, आयक्लाउडमध्ये ३० दिवस. नंतर तो परत मिळेल अशी आशा धरू नका. म्हणून सिंक होणाऱ्या गॅलरीला मी तीन प्रतींत मोजत नाही. तिसऱ्या प्रतीसाठी जुन्या आवृत्त्या राखणारी बॅकअप सेवा निवडा.

गूगल फोटोज वापरत असाल तर फोटो मूळ दर्जात चढताहेत ना, हे सेटिंगमध्ये तपासा. जागा वाचवणाऱ्या पर्यायात फोटो दाबले जातात आणि १६ मेगापिक्सेलपेक्षा मोठे असतील तर लहान केले जातात.

पहिल्यांदा सगळं चढवायला वेळ लागेल. ५०० जीबी २० एमबीपीएस अपलोड वेगाने चढवायला सलग ५५ तासांहून जास्त लागतात. रात्री चालू ठेवा, चारआठ दिवसांत होईल.

क्लाउड नको असेल तर तिसरा ड्राइव्ह विश्वासातल्या माणसाच्या घरी ठेवा. तो एन्क्रिप्ट करा (पासवर्डशिवाय उघडणार नाही असा कुलूपबंद करा) आणि पासवर्ड कागदावर लिहून वेगळ्या जागी जपा. पासवर्ड हरवला तर फोटो कायमचे गेले.

४. आता निवांत आवरा

वर्षाचं फोल्डर, त्यात प्रसंगाचं: ‘२०१९-०८-१४ ताईचं लग्न’. वर्ष, महिना, दिवस या क्रमाने लिहिलं की फोल्डर आपोआप तारखेनुसार लागतात. तंतोतंत सारख्या फाइली शोधायला सॉफ्टवेअर वापरा, पण नुसत्या सारख्या दिसणाऱ्या फोटोंतला कोणता ठेवायचा ते स्वतःच्या डोळ्यांनी ठरवा. फोटोत बदल करायचा तर प्रतीवर करा, कारण जेपेग (फोटोची नेहमीची, दाबलेली फाइल) पुन्हा पुन्हा सेव्ह केल्याने दर्जा उतरत जातो.

आणि नावं लिहा. फोल्डरमध्ये साधी टेक्स्ट फाइल ठेवून कोण, कुठे, कुणाच्या शेजारी ते टिपून ठेवा. घरातल्या वडीलधाऱ्यांना शेजारी बसवून हे काम आधी उरका.

५. परत आणून पाहा

महिन्यातून एकदा नवे फोटो सगळ्या प्रतींमध्ये घाला. वर्षातून दोनदा दुसरा ड्राइव्ह वेगळ्याच संगणकाला जोडा. सगळ्यात जुन्या फोल्डरमधला एक फोटो, सगळ्यात नव्यातला एक आणि एक मोठा व्हिडिओ उघडा. फोटो मोठा करून कोपरे पाहा, व्हिडिओ शेवटपर्यंत चालवा. क्लाउडवरूनही एक अख्खं फोल्डर उतरवून तेच करा. सगळं उघडलं, तर मग फोनमधली जागा मोकळी करायला हरकत नाही. मात्र फोनवर सिंक चालू असेल, तर आधी ते बंद करा.