कॅटालेजचे काम घरच्या घरी कसे पाहावे

पेशीत मेदाम्लांचे विघटन होताना, तसेच सुपरऑक्साइड (ऑक्सिजनचे एक अतिक्रियाशील रूप) निकामी केले जाताना, हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते. ते साचले आणि लोहाच्या आयनांशी त्याची गाठ पडली, तर हायड्रॉक्सिल मूलक हा अतिशय क्रियाशील कण निर्माण होऊन डीएनए, प्रथिने व पेशीपटल यांना इजा करतो. कॅटालेज हे विकर (एन्झाइम, म्हणजे रासायनिक क्रिया वेगवान करणारे प्रथिन) ती वेळ येऊ देत नाही. ते पेरॉक्साइडच्या दोन रेणूंपासून पाण्याचे दोन आणि ऑक्सिजनचा एक रेणू बनवते, आणि त्याचा एकेक रेणू सेकंदाला पेरॉक्साइडच्या लाखो रेणूंचा निकाल लावतो.

हे पाहण्यासाठी औषधाच्या दुकानातील पेरॉक्साइड पुरते, मात्र बाटलीवरील तीव्रता आधी वाचावी. ‘20 व्हॉल्यूम’ म्हणजे साधारण 6 टक्के. त्यात तितकेच पाणी मिसळावे. डोळ्यांवर संरक्षक चष्मा असावा आणि मुलांसोबत मोठे माणूस असावे.

तीन उंच पेले घ्यावेत. पहिल्यात कच्च्या बटाट्याचा कीस, दुसऱ्यात बकऱ्याच्या कच्च्या कलेजीचा नखाएवढा तुकडा आणि तिसऱ्यात तेवढाच, पण दहा मिनिटे उकळून गार केलेला तुकडा ठेवून प्रत्येकात दोन चमचे द्रावण घालावे. बटाट्याच्या किसावर बारीक बुडबुडे धरतात. कच्च्या कलेजीवर मात्र पाहता पाहता पांढरा फेस चढतो आणि पेला हाताला कोमट लागतो. विझत आलेल्या उदबत्तीचे टोक फेसात धरले की निखारा लखलखतो, कारण त्या बुडबुड्यांत ऑक्सिजन असतो.

उकळलेली कलेजी जवळजवळ शांत राहते, कारण उष्णतेने विकराची घडी मोडलेली असते. हा तिसरा पेला पुष्कळदा वगळला जातो, पण माझ्या मते प्रयोगाचा जीव त्यातच आहे. तो नसेल तर फेस विकरामुळे आला की कलेजीतील आणखी कशामुळे, हे सांगता येत नाही. प्रयोगातील बटाटा व कलेजी खाऊ नये.

जपानमधील कान-नाक-घसातज्ज्ञ शिगेओ ताकाहारा यांना 1940च्या दशकात नेमका हाच फेस दिसला नाही. एका मुलीच्या तोंडातील जखमेवर त्यांनी पेरॉक्साइड लावले, तेव्हा बुडबुडे न येता रक्त काळपट पडले. तिच्या रक्तात कॅटालेज नव्हते. अशा व्यक्तींपैकी काहींच्या हिरड्यांत व्रण होतात, तरी पुष्कळ जण निरोगी राहतात, कारण ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेजसारखी इतर विकरेही पेरॉक्साइडचा निचरा करत असतात.