एक बिट जोडून जुन्या कोडचा नवा, भक्कम कोड कसा करावा

आमच्या इंदूरचा पिनकोड 452001. शिकवणीच्या मुलांना मी तोच बायनरीत, म्हणजे नुसत्या 0 आणि 1 च्या बिटांत, पाठवायला सांगते. वाटेत एखाद्या 0 चा 1 झाला, तर पलीकडे तो नुसता कळून भागत नाही, दुरुस्तही व्हावा लागतो. त्यासाठी अमेरिकन गणितज्ञ रिचर्ड हॅमिंग यांनी 1950 मध्ये मांडलेला कोड घ्या. कागद-पेन्सिल पुरे.

आधी मूळ कोड लिहून काढा. अंकाचे चार बिट अ, ब, क, ड. त्यांच्यापुढे तपासणीचे तीन: अ+ब+ड, अ+क+ड, ब+क+ड. बेरजेत 1+1=0 धरायचे. 4 म्हणजे 0100, त्याचा सात बिटांचा शब्द 0100101. 0 चा शब्द 0000000. असे एकूण 16 शब्द होतात आणि कोणत्याही दोहोंत किमान तीन जागी फरक असतो. यालाच कोडचे किमान अंतर म्हणतात. म्हणूनच एक चूक दुरुस्त करता येते.

दोन चुका झाल्या की मात्र हा कोड चक्क फसवतो. 0 पाठवला, दुसरा आणि पाचवा बिट उलटला, हाती आले 0100100. त्याला सगळ्यात जवळचा शब्द 0100101. पलीकडचा 'दुरुस्ती' करून 4 लिहून मोकळा!

आता वाढवू या. प्रत्येक शब्दातले 1 मोजा. या संख्येला वजन म्हणतात. वजन विषम असेल तर शेवटी 1 जोडा, सम असेल तर 0. 4 चा शब्द 01001011 होतो, 5 चा 01010101. सोळाच्या सोळा शब्द हाताने कराच. वजने फक्त 0, 4 आणि 8 उरलेली दिसतात, तो क्षण कुणी चुकवू नये.

हे महत्त्वाचे, कारण हा कोड रेषीय आहे आणि रेषीय कोडात दोन शब्दांची बेरीजही कोडातलाच शब्द असते. त्यामुळे किमान अंतर म्हणजेच शून्य नसलेल्या शब्दाचे किमान वजन. ते 3 होते, 4 झाले. मघाचीच चूक आता 01001000 अशी येते: 1 ची संख्या सम, तरी तिसरी तपासणी जुळत नाही. म्हणजे चुका दोन. अंदाज न बांधता अंक पुन्हा मागवा. अनेक सर्व्हरच्या मेमरीत 64 बिटांमागे 8 तपासणी बिट असतात, ते याच तत्त्वावर. नासाच्या व्हॉयेजर यानांनी गुरू आणि शनीची रंगीत चित्रे पाठवताना वापरलेला 24 बिटांचा गोले (Golay) कोडही 23 बिटांच्या कोडला असाच एक बिट जोडून होतो. अंतर 7 चे 8.

आणखी एक बिट जोडावासा वाटेल, पण उपयोग नाही. सगळी वजने सम झाल्यावर नवा बिट कायम 0 च येणार. म्हणून जोडण्याआधी वजने पाहा, हे मी पुन्हापुन्हा सांगते.

0, 1, 2 अशा तीन चिन्हांच्या कोडात तर वजने पाहण्याशिवाय गत्यंतरच नाही. तिथे वजन म्हणजे 0 नसलेल्या चिन्हांची संख्या, आणि बेरीज 3 ने भागून उरलेली बाकी. तिथे गणितज्ञ हिल आणि लिझाक यांची 1995 ची कसोटी लावा: किमान अंतराला 3 ने भाग जात नसावा, आणि प्रत्येक वजनाला 3 ने भागल्यावर बाकी 0 किंवा किमान अंतराला 3 ने भागल्यावर येते तितकीच यावी. 11 लांबीच्या, तीन चिन्हांच्या गोले कोडची वजने 0, 5, 6, 8, 9, 11. बाकी 0 किंवा 2 च. त्याच्या 729 शब्दांपैकी वजनाला 3 ने भाग जाणारे 243 वेगळे काढा. त्यांचा स्वतःचाच एक रेषीय उपकोड असतो. नवे चिन्ह असे ठरवा की ते रेषीय राहील (दोन शब्दांच्या बेरजेचे चिन्ह म्हणजे त्यांच्या चिन्हांची बेरीज), या 243 शब्दांवर 0 येईल आणि बाकीच्यांवर कधीच 0 येणार नाही. अंतर 5 चे 6 होते. पडताळायला सेजमॅथ हे मोफत सॉफ्टवेअर घ्या आणि किमान वजन त्याच्याकडून काढून घ्या.